निऱ्या की पोळं? व्हॅनच्या खिडकीचे दोन जुळे पडदे

कॅम्पर व्हॅनच्या खिडकीचा पडदा झिजला म्हणून पुण्यातल्या ब्लाइंडच्या दुकानात जाऊन ‘असाच द्या’ म्हटलं, तर तसाच मिळेल याची खात्री नाही. आडव्या घड्यांच्या पडद्यांच्या दोन जाती आहेत, प्लीटेड आणि हनीकोंब. समोरून दोन्ही सारखेच दिसतात आणि दुकानात पुष्कळदा दोघांनाही ‘प्लीटेड’च म्हणतात.

फरक कडेने बघावा. प्लीटेडमध्ये कापडाचा एकच थर, साडीच्या निऱ्यांसारखा पुढे-मागे दुमडलेला. हनीकोंबमध्ये दोन थर ठरावीक अंतरावर एकमेकांना चिकटवलेले, त्यामुळे कडेने मधाच्या पोळ्यासारखे आरपार कप्पे दिसतात. दुसरी खूण भोकांची. प्लीटेडच्या प्रत्येक घडीतून दोरी भोक पाडून जाते. पडदा उन्हासमोर धरला की टाचणीच्या डोक्याएवढ्या उजेडाची रांग उमटते. हनीकोंबची दोरी कप्प्यांच्या आत दडलेली असते, म्हणून पहाटे डोळ्यांवर ठिपके पडत नाहीत.

आता झीज. पडदा खाली घसरतो किंवा एका बाजूला कलतो, पण कापड धड आहे, तर दोष दोरीचा. अख्खा पडदा बदलायची गरज नाही, मग जात कुठलीही असो. प्लीटेडचं कापड जुनं झालं की निऱ्या सपाट होतात, भोकं लांबट होतात आणि काचेकडची बाजू पिवळी पडते. तरी तो आणखी काही दिवस ढकलता येतो. हनीकोंबचं दुखणं डिंकाचं. बंद काचेमागे एप्रिल-मेची धग सोसून थर सुटायला लागले की दोन कप्प्यांचा एक मोठा कप्पा होतो, आणि तिथे पडदा पोट सुटल्यासारखा लोंबतो. शिवणीने किंवा सुपरग्लूने ते धड होत नाही, उलट डाग दिसतो. तिथे कापडच बदलावं लागतं.

दोरी बदलताना लोक फसतात ते तिच्या वाटेत. गाडीतल्या पडद्याची दोरी घरच्यासारखी मोकळी लोंबत नाही, वर-खाली ताणलेली असते. शिवाय ती सरळ खालीही जात नाही. वरच्या पट्टीतल्या स्प्रिंगपासून निघून कापडातून उतरते, खालच्या पट्टीत शिरून आडवी होते, दुसऱ्या टोकाने बाहेर पडते आणि भिंतीवरच्या गोल खुंटीला गुंडाळली जाते. दुसरी दोरी उलट बाजूने हेच करते. या फुलीमुळेच पट्टी समांतर राहते आणि घर्षणाने हवी तिथे थांबते. सरळ ओवली तर पहिल्याच खड्ड्यात पट्टी तिरकी होते.

म्हणून सोडण्याआधी फोटो काढा. पडदा पूर्ण वर घ्या, खालच्या खुंट्या सैल करा, वरच्या पट्टीचे स्क्रू काढून पडदा टेबलावर आडवा ठेवा आणि टोकाची प्लास्टिकची टोपणं काढा. जुनी दोरी शाबूत असेल तर नव्या दोरीचं टोक तिच्या टोकाला टोकाशी जोडून सुपरग्लूने चिकटवा आणि हळू ओढून घ्या. सांध्याला गाठ मारली तर भोकात अडकते. तुटली असेल तर नव्या दोरीचं पाच सेंटिमीटर टोक सुपरग्लूत भिजवून वाळवलं की तेच सुईसारखं कडक होतं. एका दोरीला खिडकीची उंची, अधिक रुंदी, अधिक अर्धा मीटर धरा. ६० सेंमी उंच, ९० सेंमी रुंद खिडकीला दोन मीटरची एक, अशा दोन. दिवस-रात्र असे दोन कापडांचे पडदे असतील तर दोऱ्या चारही असतात, मोजून घ्या.

दोरी विणलेली पॉलिस्टरची, साधारण एक मिलिमीटर जाडीची घ्या. नायलॉन ताणानं लांबतं. मासेमारीची तंगूस तर नकोच, ती कापडाला करवतीसारखी कापते. आणि जुनी दोरी तुटली कुठे, ते बघा. बहुतेक वेळा ती अॅल्युमिनियमच्या पट्टीच्या भोकापाशी तुटलेली असते. तिथे काठ धारदार राहिलेला असतो किंवा भोकाच्या काठाला बसवलेलं प्लास्टिकचं पोकळ बूच निघालेलं असतं. बारीक गोल कानस फिरवून नवं बूच बसवल्याशिवाय ओवलेली दोरी पुन्हा तिथेच जाणार. दोरी, कानस, स्क्रू यासाठी रविवार पेठेतली बोहरी आळी गाठावी.

ताण किती? पट्टी अर्ध्यावर ठेवून शेजारच्या भिंतीवर थापटा. घसरली तर खुंटीला अर्धा वेढा आणखी द्या. मध्ये पट्टी धनुष्यासारखी वाकली तर ताण जास्त झाला, आता दोरी लवकर झिजेल. पडदा एका कोपऱ्याला धरून ओढायची सवयही तशीच वाईट.

अख्खा पडदा घ्यायचाच तर कुठला? कप्प्यांत अडकलेली हवा उष्णता अडवते हे खरं, पण दोन्ही कडांना बोटभर फट राहिली तर त्या फायद्याची बरीच माती होते. उन्हासाठी थरांपेक्षा काचेकडच्या बाजूचा रंग मोलाचा: पांढरा किंवा चंदेरी ऊन काचेतूनच परत पाठवतो, गडद रंग ते पिऊन आत फेकतो. पावसात मात्र हनीकोंब नखरे करतो. जुलैत ताम्हिणीत मुक्काम झाला की काचेवर दव धरतं, ओल कप्प्यांत शिरते, मेलेले किडेही आतच राहतात. तो पूर्ण सुकेपर्यंत उलगडलेलाच ठेवावा, नाहीतर बुरशी. प्लीटेड किंचित ओला असताना घड्या घालत वर घेतला तर निऱ्या उलट घट्ट बसतात, मग सुकायला सोडावा. म्हणून उघडत्या खिडक्यांना चंदेरी पाठीचं प्लीटेड आणि पलंगाशेजारच्या पक्क्या काचेला हनीकोंब, ही वाटणी बरी.

मागणी देताना ‘दोरी वर-खाली ताणलेली हवी’ हे स्पष्ट सांगा, नाहीतर घरगुती ओढदोरीचा पडदा येईल आणि घाटभर भिंतीवर आपटेल. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी मापातून पाच-सहा मिमी वजा करा. ट्रॅव्हलरसारख्या गाडीची भिंत आत झुकलेली असते. दोरी मध्ये चौकटीला घासत असेल तर खालच्या खुंटीखाली ठोकळा देऊन ती पुढे आणा. स्क्रू आतल्या प्लायच्या जाडीपेक्षा लांब नको. मागे वायरी असतात, त्यामागे बाहेरचा पत्रा, आणि त्याला पडलेलं भोक पहिल्या पावसात कळतं.