दावा पुन्हा उघडतो, पण कोणत्या तारखेपासून?

डिसेंबर १९८२मध्ये जेम्स किसर या माजी मरीनने अमेरिकेच्या व्हेटरन्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशनकडे, म्हणजे माजी सैनिकांचे लाभ सांभाळणाऱ्या, सगळे ज्याला नुसतं ‘व्हीए’ म्हणतात त्या खात्याकडे, अपंगत्व भरपाईसाठी अर्ज केला. नोकरी १९६२ ते १९६६, त्यात व्हिएतनाम. तक्रार पीटीएसडीची, म्हणजे भीषण अनुभवानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आघाताच्या विकाराची. हे निदान तेव्हा नवंकोरं होतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत ते १९८०मध्ये आलं होतं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी किसर व्हिएतनाममधल्या ‘ऑपरेशन हार्वेस्ट मून’ या मोहिमेत लढल्याची नोंद घेतली, पण निदान लिहिलं व्यक्तिमत्त्वदोषाचं. १९८३मध्ये दावा फेटाळला गेला. किसर यांनी अपील शेवटापर्यंत नेलं नाही. २००६मध्ये त्यांनी तीच फाइल पुन्हा उघडायला लावली, नवा वैद्यकीय अहवाल जोडला आणि या वेळी व्हीएने पीटीएसडी मान्य केला. भरपाई मात्र २००६पासून. मधली २३ वर्षं गेली ती गेलीच.

फेटाळलेला दावा पुन्हा कसा उघडायचा, असं कुणी विचारलं की ‘नवा पुरावा आणा’ असं उत्तर मिळतं. ते बरोबर आहे, पण अर्धंच. दार उघडणं ही एक लढाई आणि पैसे कोणत्या तारखेपासून मोजायचे ही दुसरी. पहिल्या लढाईत व्हीएला गेल्या तीसेक वर्षांत पावलापावलाने मागे सरावं लागलं. दुसरीत ते अजून पाय रोवून उभं आहे.

मुळात ‘पुन्हा उघडणं’ इतकं महत्त्वाचं का झालं? कारण बराच काळ दुसरा रस्ताच नव्हता. मंदीच्या ऐन भरात, १९३३मध्ये, रूझवेल्ट सरकारने माजी सैनिकांच्या लाभांना कात्री लावणारा कायदा केला. त्यातच कलम घातलं की व्हीएचा निर्णय अंतिम, कोणत्याही न्यायालयाने त्यात डोकावू नये. त्याच वर्षी बोर्ड ऑफ व्हेटरन्स अपील्स स्थापन झालं, पण ते व्हीएच्याच घरातलं. म्हणजे ज्याने नाही म्हटलं, त्याच्याच थोरल्या भावाकडे दाद मागायची.

वकील करावा तर तेही अवघड. यादवी युद्धाच्या काळात पेन्शनच्या दाव्यांवर डल्ला मारणाऱ्या दलालांना आवर घालायला १८६४मध्ये वकिलाची फी दहा डॉलरवर बांधली गेली. हेतू चांगला. पण रक्कम तिथेच गोठली आणि १९८५मध्येही सुप्रीम कोर्टाने ती मर्यादा वैध ठरवली. दहा डॉलरमध्ये कोण वकील जाडजूड फाइल वाचणार? तेव्हा उरलं काय, तर नवा कागद शोधा आणि पुन्हा त्याच खिडकीशी उभे राहा.

१९८८च्या कायद्याने माजी सैनिकांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायालय निर्माण झालं. पहिल्यांदाच व्हीएला आपल्या ‘नाही’चं कारण बाहेरच्या न्यायाधीशापुढे सांगावं लागलं. याच कायद्यात दावा पुन्हा उघडण्याची कसोटीही लिहिली गेली: पुरावा ‘न्यू अँड मटेरियल’ हवा, म्हणजे नवा आणि वजनदार. वजन किती, हे मात्र कुणी सांगितलं नाही. पुढची दोन दशकं त्या एका शब्दावर भांडणं झाली. १९९१च्या कोल्विन खटल्यात नव्या न्यायालयाने पट्टी वर नेली: या पुराव्याने निकाल बदलण्याची वाजवी शक्यता दिसली, तरच दार उघडेल. म्हणजे आत शिरण्याआधीच अर्धा खटला जिंकून दाखवायचा. १९९८मध्ये हॉज खटल्यात वरच्या फेडरल सर्किट कोर्टाने ही पट्टी काढून टाकली. २०१०च्या शेड खटल्याने आणखी स्पष्ट केलं की उंबरठा मुद्दाम खालीच ठेवलेला आहे. आधी निदान नव्हतं आणि आजार व नोकरी यांचा संबंधही दिसत नव्हता म्हणून दावा फेटाळला असेल, तर नुसतं निदान आणलं तरी दार उघडू शकतं. सगळे दुवे एकाच दिवशी हातात असायला हवेत असं नाही.

पण नवा कागद आणायचा कुठून? १२ जुलै १९७३च्या रात्री सेंट लुईसजवळच्या सैनिकी अभिलेखागाराच्या सहाव्या मजल्याला आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून बाहेर पडलेल्यांच्या नोंदींपैकी सुमारे ८० टक्के, शिवाय हवाई दलाच्याही मोठ्या प्रमाणावर. प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती, काय जळलं याची यादीही नव्हती. आगीतून वाचलेल्या कागदांना बंबांच्या पाण्याने गाठलं. ते भिजके गठ्ठे क्रेटमध्ये भरून मॅकडॉनेल डग्लस या विमान कंपनीच्या निर्वात कक्षात वाळवले गेले. अवकाशासारखी पोकळी तयार करायला बांधलेला तो कक्ष. त्यात एखाद्या शिपायाच्या गुडघ्याच्या जखमेची नोंद वाळत पडलेली. अनेकांचे दावे ‘नोंद सापडत नाही’ या एका वाक्यावर पडले. काहींची कहाणी नंतर पगारपत्रकांतून आणि तुकडीच्या रोजच्या हजेरी-अहवालांतून पुन्हा जुळवली गेली.

हरवलेली नोंद पुढे सापडली तर काय, यासाठी व्हीएच्या नियमांत एक वेगळी तरतूद आहे. सैन्याची संबंधित अधिकृत कागदपत्रं आधीपासून अस्तित्वात होती पण निर्णयाच्या वेळी फाइलमध्ये नव्हती, असं असेल तर दावा नव्याने तपासायचा आणि तारीख मूळ अर्जापर्यंत मागे जाऊ शकते. माझ्या मते या सगळ्या नियमावलीतली ही सगळ्यात किमती ओळ, आणि सल्ला देणारे तिच्याकडे सगळ्यात कमी बघतात. किसर यांची लढाई याच ओळीवर होती. २००६मध्ये त्यांनी हार्वेस्ट मूनमधल्या सहभागाच्या नोंदी दिल्या होत्या. बोर्ड म्हणालं, त्या ‘संबंधित’ नाहीत. १९८३मध्ये दावा पडला तो निदान नव्हतं म्हणून, लढाईबद्दल कुणाला शंकाच नव्हती. प्रकरण २०१९मध्ये सुप्रीम कोर्टात पोचलं आणि गाजलं, पण भलत्याच कारणाने: सरकारी खात्याने स्वतःच्या नियमाचा लावलेला अर्थ न्यायालयांनी कितपत मानावा? कोर्टाने ती मोकळीक बरीच आवळली आणि खटला खाली पाठवला. २०२०मध्ये फेडरल सर्किटने पुन्हा किसर यांच्या विरोधात निकाल दिला. कायद्याच्या वर्गांत त्यांचं नाव कायमचं राहिलं, तारीख मात्र २००६च.

व्हिएतनाम युद्धातल्याच दुसऱ्या गटाचं नशीब निराळं निघालं. एजंट ऑरेंज या तणनाशकामुळे आजारी पडलेल्यांचे दावे व्हीए क्लोरअ‍ॅक्ने हा त्वचारोग सोडला तर सरसकट फेटाळत होतं. १९८६मध्ये नेमर नावाने सामूहिक खटला उभा राहिला. १९८९मध्ये न्यायालयाने या नकारामागचा व्हीएचा नियम रद्द केला आणि १९९१च्या तडजोडीत व्हीएला बांधून घेतलं गेलं: या रसायनाशी जोडलेल्या आजारांच्या यादीत नवा आजार आला की जुने फेटाळलेले दावे स्वतः शोधून काढायचे आणि भरपाई जुन्या तारखेपासून द्यायची. एकट्याने मागितलेलं मिळालं नाही, ते गटाला न्यायालयाच्या आदेशाने मिळालं.

२०१७मध्ये मंजूर झालेला आणि १९ फेब्रुवारी २०१९पासून लागू झालेला अपील-सुधारणा कायदा हा अलीकडचा मोठा टप्पा. कायद्याच्या भाषेतून ‘पुन्हा उघडणं’ हा शब्दच मागे पडला. आता त्याला सप्लिमेंटल क्लेम म्हणतात आणि पुरावा ‘मटेरियल’ऐवजी ‘रेलेव्हंट’, म्हणजे मुद्द्याशी संबंध असलेला, पुरतो. नवा पुरावा नसेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून त्याच फाइलची फेरतपासणी मागता येते, किंवा थेट बोर्डाकडे जाता येतं. २०२२च्या पॅक्ट कायद्याने बर्न पिट्सच्या, म्हणजे तळांवर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या, धुराशी जोडलेले अनेक आजार नोकरीमुळेच झाले असं गृहीत धरायला लावलं. त्यामुळे पूर्वी ‘संबंध सिद्ध होत नाही’ म्हणून पडलेले दावे पुन्हा टेबलावर आले.

तारखेचं काय? निर्णयानंतर वर्षभराच्या आत यांपैकी एक पाऊल उचललं तर मूळ अर्जाची तारीख जिवंत राहते, आणि प्रत्येक नव्या नकारानंतर पुन्हा एक वर्ष मिळतं. ते वर्ष चुकलं की सप्लिमेंटल क्लेम केव्हाही टाका, दार उघडेल. पैसे मात्र त्या नव्या अर्जापासूनच. मागे जायला एकट्या अर्जदाराला उरतात मुख्यतः दोन चिंचोळ्या वाटा: सापडलेली सैनिकी नोंद, किंवा जुन्या निर्णयात ढळढळीत चूक होती हे दाखवणं. ही चूकही त्या दिवशीच्या फाइलवरून आणि त्या दिवशीच्या कायद्यावरून दाखवावी लागते. २०२२च्या जॉर्ज खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्या नियमावर दावा फेटाळला तो पुढे अवैध ठरला, एवढ्याने जुना निर्णय तशी चूक ठरत नाही.

म्हणून जाणते सल्लागार आधी नवा अहवाल मागत नाहीत, नकाराचं जुनं पत्र मागतात. त्यात दोन गोष्टी बघतात: वरच्या कोपऱ्यातली तारीख, आणि ‘कारणे’ या मथळ्याखाली नेमका कुठला दुवा कमी असल्याचं लिहिलंय.