ब्रिटनमधल्या मराठी मंडळाची रॅफल: नोंदणी कधी लागते, कागद कोणते लागतात

दिवाळीच्या कार्यक्रमात रॅफल (तिकिटं विकून सोडतीने बक्षिसं देणं, कायद्याच्या भाषेत लॉटरी) काढायची असेल, तर बक्षिसांची यादी करण्याआधी कार्यकारिणीने एवढंच ठरवावं: तिकिटं कुठे आणि कधी विकणार? नोंदणी, शुल्क, हिशेब सगळं त्यावरच ठरतं. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये २००५ चा गॅम्बलिंग ॲक्ट (जुगारविषयक कायदा) लागू आहे. उत्तर आयर्लंडचा कायदा निराळा, त्यामुळे तिथल्या मंडळांनी पुढचे आकडे धरून चालू नये.

तिकिटं फक्त हॉलवर, कार्यक्रम चालू असतानाच विकणार असाल तर नोंदणी नको आणि शुल्कही नको. जमलेल्या पैशातून बक्षिसं विकत घ्यायला जास्तीत जास्त ५०० पौंड आणि तिकिटं छापण्यासारख्या खर्चाला जास्तीत जास्त १०० पौंड वळते करता येतात. देणगीदाखल आलेल्या बक्षिसांना ही ५०० ची मर्यादा नाही. कुणी पैठणी किंवा सोन्याचं नाणं दिलं तरी चालतं. सोडत त्याच संध्याकाळी काढा किंवा नंतर, पण न दिलेलं बक्षीस पुढच्या रॅफलमध्ये ढकलता येत नाही. समजा, २ पौंडांची ३०० तिकिटं खपली. ६०० पौंडांतून बक्षिसांचे ३५० आणि छपाईचे ४० गेले, तर उरलेले २१० मंडळाच्या कामाला किंवा धर्मादाय संस्थेलाच गेले पाहिजेत, कुणाच्या खिशात नाही.

घोळ होतो तो व्हॉट्सॲप ग्रुपवर. आठवडाभर आधी “नंबर सांगा, पैसे खात्यात टाका” सुरू झालं की ही सवलत संपली. ‘फक्त सभासदांची लॉटरी’ अशी आणखी एक विनानोंदणी सोय आहे, पण पाहुणे तिकीट घेणार असतील तर ती उपयोगाची नाही. तिची तिकिटं सभासदांना किंवा मंडळाच्या स्वतःच्या जागेत हजर असलेल्यांनाच विकता येतात, आणि भाड्याचा हॉल ही तशी जागा धरली जात नाही.

आधीपासून किंवा ऑनलाइन विकायचं असेल तर ‘स्मॉल सोसायटी लॉटरी’ (छोट्या संस्थेची लॉटरी) म्हणून नोंदणी करा. मंडळ रजिस्टर्ड चॅरिटी असायलाच हवं असं नाही. धर्मादाय, सांस्कृतिक, क्रीडा किंवा खासगी नफ्याशिवायचा दुसरा उद्देश असला की पुरे. मंडळाचं मुख्य कार्यालय ज्या कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) हद्दीत आहे तिच्या लायसन्सिंग विभागाकडे अर्ज जातो (स्कॉटलंडमध्ये लायसन्सिंग बोर्डाकडे). अर्जासोबत मंडळाची घटना किंवा उद्देशपत्र जोडा आणि ४० पौंड भरा. पुढे दरवर्षी २० पौंड, नोंदणीच्या तारखेआधीच्या दोन महिन्यांत. ही वार्षिक फी विसरल्यामुळे नोंदणी रद्द होऊ शकते, म्हणून खजिनदार बदलला की तारीख नव्या खजिनदाराला लेखी द्या. नोंदणी हातात येईपर्यंत एकही तिकीट विकू नका.

मर्यादा अशा: एका सोडतीची विक्री २०,००० पौंडांपर्यंत, कॅलेंडर वर्षातल्या सगळ्या सोडती मिळून २,५०,००० पौंडांपर्यंत, एक बक्षीस २५,००० पौंडांपर्यंत. विक्रीच्या किमान २० टक्के रक्कम मंडळाच्या उद्देशावर खर्च व्हायला हवी.

तिकिटावर मंडळाचं नाव, किंमत, जबाबदार सभासदाचं नाव-पत्ता आणि सोडतीची तारीख छापा. प्रत्येक तिकिटाची किंमत सारखीच हवी. “पाच घ्या, एक फुकट” इथे चालत नाही, आणि नेमकी हीच चूक उत्साही स्वयंसेवक करतात. १६ वर्षांखालच्यांना तिकीट विकणं गुन्हा आहे. रस्त्यात उभं राहून विकता येत नाही. दुकानात किंवा घरोघरी जाऊन चालतं.

सोडतीनंतर तीन महिन्यांच्या आत कौन्सिलला हिशेबपत्रक द्यायचं. त्यात तिकिटं कोणत्या तारखांना विक्रीला होती ते, सोडतीची तारीख, एकूण जमा, बक्षिसांवर आणि इतर खर्चासाठी वळती केलेली रक्कम, उद्देशासाठी दिलेली रक्कम, आणि काही खर्च दुसरीकडून भागवला असेल तर किती व कुठून, हे सगळं येतं. सही दोन प्रौढ सभासदांची लागते. मंडळाने त्यांना त्यासाठी लेखी नेमलेलं असावं आणि नेमणूकपत्राची प्रत सोबत जोडावी. हा कागद विसरू नका.

“रॅफल नको, प्रश्नमंजूषा ठेवू” असं कुणीतरी सुचवतंच. पैसे घेऊन “गणपतीच्या आईचं नाव काय?” विचारलंत, तर कायद्याच्या नजरेत ती लॉटरीच. प्रश्न इतका अवघड हवा की बऱ्याच जणांनी भागच घेऊ नये किंवा बरेच जण गळावेत. दुसरी वाट प्रवेश मोफत ठेवण्याची: तिकीट विकत घेणाऱ्याइतकीच संधी साध्या टपालाने नाव पाठवणाऱ्यालाही मिळाली पाहिजे, आणि तसं ठळक जाहीर केलं पाहिजे.

रॅफलचं तिकीट ही देणगी नव्हे, त्यामुळे त्यावर गिफ्ट एड (देणगीवर चॅरिटीला सरकारकडून मिळणारा कर-परतावा) मागता येत नाही. रॅफलची रोकड आणि देणगीपेटी सुरुवातीपासून वेगळी मोजा.