पाव असेल तर श्वे यिन ए, गूळ असेल तर मों लेसाउं

ब्रह्मदेशातल्या गोड पदार्थांचे फोटो पाहताना एका जोडीपाशी हमखास गल्लत होते. दोन्ही वाट्यांत नारळाचं दूध, दोन्हींत बर्फ, दोन्हींत तरंगणारे शेवयांसारखे आखूड तुकडे. एक श्वे यिन ए, दुसरं मों लेसाउं.

मों लेसाउं सोपं, म्हणून ते आधी. ‘मों’ म्हणजे पिठाचा खाऊ. तो गोडच हवा असं नाही. मोहिंगा या तिथल्या माशाच्या रश्श्यातल्या शेवयांच्या नावातही हाच ‘मों’ दडलाय. तांदळाचं पीठ पाण्यात शिजवून घोटायचं आणि गरम असतानाच भोकांच्या भांड्यातून गार पाण्यात पाडायचं. आपला बुंदीचा झारा आठवा, फक्त खाली कढई नाही. शेपटी फुटलेले हे मऊ थेंब नारळाच्या दुधात सोडायचे आणि वर ताडगुळाचा पाक. साखर घातली तर चालतं, पण मग त्यातला धुरकट खमंगपणा गेला. कोकणातली शिरवाळी खाल्लेल्यांना चवीची कल्पना लगेच येईल: तांदूळ, नारळाचा रस, गूळ. हे मात्र बर्फगार.

श्वे यिन ए हा गर्दीचा मामला. श्वे म्हणजे सोनं (श्वेडगॉन पॅगोडातलं तेच), यिन म्हणजे छाती, ए म्हणजे गार. उन्हातून आलेल्याला दुसरं काय हवं? यात साबुदाणा, चायना ग्रासच्या जेलीचे तुकडे, वाफवलेला चिकट भात, आणि गोडीला साखर. म्हणून दूध पांढरंशुभ्र राहतं. सगळ्यात वर चक्क पांढऱ्या पावाचा स्लाइस! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी चुकून टाकला. पण तो दूध पिऊन फुगला की मऊ लुसलुशीत होतो, आणि मग तोच सर्वांत आधी संपतो.

घोटाळ्याचं मूळ असं, की श्वे यिन ए मध्ये बरेचदा मों लेसाउंचे ते थेंबही पडतात. म्हणजे एका पदार्थाचा जीव दुसऱ्यात नुसता एक जिन्नस. त्यामुळे थेंब पाहून निवाडा करू नये. पाव दिसला तर प्रश्न मिटला. नाही दिसला तर दुधाचा रंग बघा. तपकिरी झाक म्हणजे गूळ. (गुलाबी दिसलं तर तो फालुदा, तो आपल्याकडूनच तिकडे गेला.)

मला स्वतःला मों लेसाउं जास्त पटतं. त्यात लपायला जागा नाही. पीठ कच्चं राहिलं किंवा गूळ हलका असला की पहिल्याच घोटात कळतं.

दोन्ही उन्हाळ्याचे, पण मों लेसाउंचं खरं नातं एप्रिलच्या मध्यात येणाऱ्या तिंज्यानशी, म्हणजे पाणी उडवून साजऱ्या होणाऱ्या बर्मी नववर्षाशी. ‘तिंज्यान’ हा शब्द ‘संक्रांती’वरूनच आलाय, फक्त त्यांची संक्रांत मेषेची. काही जण मों लेसाउंवर भाजलेले तीळही भुरभुरतात, म्हणजे तीळगूळ तिथेही आहेच. त्या दिवसांत रस्त्याकडेला मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट खाऊ घालतात. या अन्नदानाला ‘सतुदिता’ म्हणतात, पालीतल्या ‘चतुद्दिसा’वरून: चारी दिशांनी जो येईल त्याला. भिजून चिंब झालेल्या माणसाच्या हातात तिथे वाटी आली, तर ती बहुतेक मों लेसाउंचीच असते.