टेन्सेग्रिटी यंत्रमानव

एकमेकांना न टेकणारे दांडे आणि त्यांना चोहोबाजूंनी ओढून धरणाऱ्या तारा यांचा सांगाडा असलेला, आणि त्या तारांची लांबी कमीजास्त करून स्वतःचा आकार बदलणारा यंत्रमानव. दांड्यांवर फक्त दाब येतो व तारांवर फक्त ताण. सांध्यांवरच भार आला, तर वाकवणारे बल कोणत्याच घटकावर जवळजवळ येत नाही. त्यामुळे वजनाच्या मानाने सांगाडा बळकट असतो आणि आपटला तरी धक्का सगळ्या जाळ्यात वाटला जातो. यंत्रमानवांसाठी अनुकूली, म्हणजे गरजेनुसार स्वतःला बदलणाऱ्या, संरचनांचे संगणकीय अभिकल्प (आराखडे) करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत हा प्रकार वारंवार भेटतो. नमुना काड्या आणि रबरबँड यांचाही बनतो. गणित मात्र चांगलेच झुंजवते.

उगम : ही रचना कोणाची, हा वाद जुना आहे. टेन्सेग्रिटी हा शब्द अमेरिकन अभिकल्पकार बकमिन्स्टर फुलर यांनी ‘ताण’ आणि ‘अखंडता’ या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द जोडून साधारणपणे १९५५ च्या सुमारास घडवला, याबद्दल फारसे दुमत नाही. वस्तूबद्दल आहे. केनेथ स्नेलसन हे १९४८ च्या उन्हाळ्यात ब्लॅक माउंटन कॉलेजात फुलर यांचे विद्यार्थी होते. त्याच हिवाळ्यात घरी परतल्यावर त्यांनी इंग्रजी एक्सच्या आकाराचे लाकडी तुकडे दोऱ्यांनी अधांतरी तोलणारे शिल्प केले आणि पुढल्या वर्षी ते गुरूंना दाखवले. पुढे फुलर यांचे पेटंट १९६२ मध्ये व स्नेलसन यांचे १९६५ मध्ये मंजूर झाले. फ्रान्समध्ये डेव्हिड जॉर्ज एमेरिख यांनीही याच सुमारास स्वतंत्रपणे अशा रचना केल्या. स्नेलसन यांना फुलर यांचा शब्द कधी रुचला नाही. ते ‘तरंगता दाब’ म्हणत. शब्द गुरूचा आणि वस्तू शिष्याची, ही वाटणी आता बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे व ती योग्य दिसते.

मात्र एमेरिख यांनीच लक्ष वेधलेला एक आधीचा दाखला आहे. लाटव्हियात जन्मलेले कलावंत कार्ल इओगान्सन यांनी १९२१ मध्ये मॉस्को येथील प्रदर्शनात मांडलेल्या रचनांपैकी एकीत तीन दांडे आणि सात ताणलेल्या दोऱ्या होत्या. आठवी दोरी सैल होती व ती ओढली की सारी रचना आकार बदलत असे. मूळ कृती आज उपलब्ध नाही, छायाचित्रे आहेत. ही रचना स्वतःच्या ताणाने ताठ राहत नाही, म्हणून तिला खरी टेन्सेग्रिटी मानू नये, असे स्थापत्याचे अभ्यासक म्हणतात. पुलाच्या किंवा मनोऱ्याच्या दृष्टीने आक्षेप बरोबर आहे. यंत्रमानवाच्या दृष्टीने पाहिले तर तो उलटतो : एक दोरी ओढून सगळा आकार बदलणे हेच तर येथे हवे असते. त्या आठव्या दोरीच्या जागी आज मोटर असते, एवढाच फरक. तेव्हा यंत्रमानवापुरता पूर्वजाचा मान इओगान्सन यांच्याकडे जातो, असे म्हणायला हरकत नसावी.

गणित : जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या १८६४ च्या नियमानुसार त्रिमितीतील सांगाडा ताठ राहण्यासाठी सांध्यांच्या संख्येच्या तिपटीतून सहा वजा करून येतील तितके घटक लागतात. सर्वांत परिचित अशा सहा दांड्यांच्या रचनेत १२ सांधे, ६ दांडे आणि २४ तारा असतात. म्हणजे लागणारे ३० घटक बरोबर भरतात. तरीही ती एका विशिष्ट प्रकारे किंचित हलू शकते, आणि त्याच वेळी बाहेरचा भार नसताना तिच्यात अंतर्गत ताण टिकू शकतो. हा ताणच ती हालचाल आवरतो. १९७८ मध्ये सी. आर. कॅलडाइन यांनी फुलर यांच्या रचना आणि मॅक्सवेल यांचा नियम यांची सांगड घालून दाखवली. येथेच अनुकूलनाचे बीज आहे : सगळ्या तारा सारख्या प्रमाणात आवळल्या, तर आकार जवळपास तोच राहून ताठरपणा वाढतो.

कोणत्या लांब्यांना ही रचना स्थिर होईल हे शोधण्याला आकारशोध म्हणतात. बलघनता म्हणजे घटकातील बल भागिले त्याची लांबी, ही राशी वापरणारी पद्धत (शेक, १९७४) त्यासाठी रूढ आहे, कारण तिच्यात समतोलाची समीकरणे एकघाती होतात. सहा दांड्यांच्या सममित रचनेत दांड्याची बलघनता तारेच्या दीडपट, विरुद्ध चिन्हाची येते. समांतर दांड्यांमधील अंतर दांड्याच्या निम्मे भरते आणि तारेची लांबी दांड्याच्या सुमारे ०·६१ पट. म्हणजे ३० सेंमी. काडीला तार साधारण १८·४ सेंमी. हवी. नमुना बांधताना शेवटचा रबरबँड अडकवेपर्यंत हातात नुसता गुंता असतो. तो अडकला की ढीग एकदम उभा राहतो. एखादी गाठ अर्धा सेंमी. सरकली, तरी तो एका अंगाला कलतो.

संगणकीय अभिकल्प : शरीर आणि नियंत्रण दोन्ही एकत्र उत्क्रांत करण्याची कल्पना कार्ल सिम्स यांच्या १९९४ च्या आभासी प्राण्यांमुळे गाजली. हॉड लिप्सन व जॉर्डन पोलॅक यांनी २००० मध्ये असे उत्क्रांत झालेले सांगाडे त्रिमितीय मुद्रणाने प्रत्यक्षात उतरवले. चंदना पॉल, फ्रान्सिस्को वॅलेरो-क्वेव्हास आणि लिप्सन यांनी २००६ मध्ये तीन व चार दांड्यांच्या टेन्सेग्रिटीसाठी जननिक अल्गोरिदमने, म्हणजे अनेक पर्यायांतून सरस ते निवडून त्यांत फेरफार करत जाणाऱ्या संगणकीय पद्धतीने, चाली शोधल्या. पडद्यावर डौलात चालणारा नमुना जमिनीवर जागच्या जागी थरथरतो, हा अनुभव या क्षेत्रात नेहमीचा आहे. घर्षण, तारेचे ताणले जाणे, मोटरचा उशीर यांपैकी काहीतरी संगणकातल्या प्रतिरूपात धरायचे राहून जाते आणि अल्गोरिदम नेमका त्याच फटीचा फायदा उठवतो. त्यावर एक उपाय म्हणजे प्रतिरूपात मुद्दाम गोंगाट, म्हणजे अनियमित चढउतार, मिसळणे. मग केवळ योगायोगावर तगलेल्या चाली गळून पडतात.

उपयोग : नासाच्या एम्स संशोधन केंद्रातील सुपरबॉल हा सहा दांड्यांचा यंत्रमानव तारा आखडून-सोडून घरंगळतो, शनीच्या टायटन या उपग्रहावर उतरताना सांगाड्यानेच धक्का झेलावा, अशी त्यामागील कल्पना होती. नळांतून चढणारा, दोन चतुष्फलकी चौकटी आठ तारांनी जोडलेला यंत्रमानवही बनवला गेला आहे. अशा यंत्रांत पक्क्या बिजागऱ्या नसल्याने स्वतःचा आकार ओळखणे अवघड जाते. मोटरच्या फेऱ्यांवरून गुंडाळलेली तार मोजता येते. पण ती सैल पडली असेल, तर तिची दोन टोके प्रत्यक्षात किती दूर आहेत हे त्या मापातून कळत नाही.