चुकीच्या उत्तरांचे अभ्यासक

मूल आपलं ज्ञान आपणच आतून रचतं, असं मानणारा विचार म्हणजे ज्ञानरचनावाद. पण तो शब्द काढला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रंगवलेली फरशी येते. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं, नाव झालं, २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम काढला आणि गावोगावच्या वर्गांत जमिनीवर अंकांचे चौकोन नि अक्षरांच्या रांगा उमटल्या. तिकडच्या शिक्षक नातेवाइकांच्या कृपेने ते फोटो आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारापर्यंतही पोचले. कुमठ्यात झालं ते कौतुकाचंच. पण नक्कल करताना सगळ्यात सोपी गोष्ट आधी उचलली जाते, आणि रंगाचा डबा उचलणं फारच सोपं. ज्यांनी हा विचार उभा केला त्यांना फरशीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा डोळा होता मुलांच्या चुकीच्या उत्तरांवर.

गंमत म्हणजे या मंडळींतले बरेचसे शिक्षणशास्त्राचे नव्हतेच. ज्याँ पियाजे हा स्विस माणूस मुळात जीवशास्त्रज्ञ; त्याची डॉक्टरेट शंख-गोगलगायींच्या कुळातल्या प्राण्यांवर. १९१९मध्ये तो पॅरिसला गेला आणि तिथे त्याला एक रटाळ काम मिळालं. सिरिल बर्ट यांच्या तर्कशक्तीच्या इंग्रजी चाचण्या फ्रेंच मुलांसाठी प्रमाणित करायच्या, म्हणजे कोणत्या वयाची किती मुलं बरोबर उत्तर देतात ते मोजायचं. पियाजे बरोबर उत्तरं मोजता मोजता चुकीच्या उत्तरांत अडकला. एकाच वयाची मुलं एकाच तऱ्हेने चुकत होती. चूक निव्वळ अज्ञानातून होत असती, तर दहा मुलांच्या दहा तऱ्हा दिसायला हव्या होत्या. त्या अर्थी आत काहीतरी विचार होता, मोठ्यांपेक्षा वेगळ्या बेताचा, पण विचारच. मुलांच्या विचारांवरचं त्याचं पहिलं पुस्तक १९२३चं. त्याच सुमारास इकडे भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांसोबत ताराबाई मोडक बालशिक्षणाच्या कामाला लागल्या होत्या. दोन्हीकडे मुलाकडे बारकाईने पाहणं चाललं होतं. पियाजेने त्यातून सिद्धांत बांधला, ताराबाईंनी बालवाड्या.

पुढे जमलेली टोळी आणखी निराळी. सेमूर पेपर्ट दक्षिण आफ्रिकेतला गणिती. जिनिव्हात पियाजेकडे काही वर्षं राहिला आणि १९६७मध्ये ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा घडवणाऱ्यांत होता. अर्न्स्ट फॉन ग्लासर्सफेल्ड पत्रकार होता, आयर्लंडमध्ये शेतीही करून झाली होती; अमेरिकेत त्याने लाना नावाच्या चिंपँझीसाठी चिन्हांची भाषा तयार केली आणि तिथून तो ‘मूलगामी रचनावादा’चा पुढारी झाला. जोसेफ नोव्हाक वनस्पतिशास्त्रातून आला. १९८३पासून त्याने कॉर्नेल विद्यापीठात मुलांच्या गैरसमजांवर परिसंवाद भरवले, म्हणजे चुकीची उत्तरं हा आता जमून चर्चा करण्याचा विषय झाला होता. आणि इंग्लंडमधल्या लीड्सच्या, विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक रोझालिंड ड्रायव्हर. माझ्या मते या सगळ्यांत जमिनीवर पाय असलेल्या त्याच.

चुकीच्या उत्तराला आतून आकार असतो म्हणजे काय, ते वडोदऱ्यात पाहणं सोपं आहे. सावली नाहीशी केव्हा होते, असं इथल्या कुणालाही विचारा. उत्तर येईल, भर दुपारी बारा वाजता, सूर्य डोक्यावर आला की. पोरं हेच सांगतात, त्यांचे आजोबाही हेच सांगतात. प्रत्यक्षात वडोदरा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, ३ जून आणि १० जुलैच्या आगेमागे. तेही बाराला नव्हे, साडेबारा वाजून गेल्यावर, कारण घड्याळ आपण इथून बरंच पूर्वेकडच्या रेखावृत्ताप्रमाणे लावतो. मधल्या पाच आठवड्यांत मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेला पडते. २१ जूनला मीटरभर काठीची सावली असते जेमतेम २ सेंटिमीटर. उलट उत्तरायणाला, १४ जानेवारीला, अख्खं शहर गच्चीवर असतं आणि दुपारी पाऊण वाजता प्रत्येकाच्या पायाशी जवळजवळ त्याच्या उंचीएवढी सावली पडलेली असते. पुरावा पायाशी, आणि सगळ्यांच्या माना वर, पतंगाकडे.

हे डोळ्यांसमोर असूनही ‘बारा वाजता सूर्य डोक्यावर’ टिकतं, कारण ते एकटं नाही. दुपार म्हणजे दिवसाचा मध्य, मध्य म्हणजे बारा, आणि मध्यावर सूर्य सर्वांत उंच, म्हणजे डोक्यावर. यातला बराच भाग बरोबरच आहे. म्हणूनच ‘चूक’ असा लाल शेरा मारून ते हलत नाही.

मुलं ऐकलेलं जुन्या समजुतीत कसं बसवतात, याचा सर्वांत रंजक नमुना स्टेला व्होस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२मध्ये मांडला. त्यांनी अमेरिकेतल्या ६० शाळकरी मुलांना पृथ्वीबद्दल प्रश्न विचारले. पृथ्वी गोल असते हे मुलांनी ऐकलेलं होतं, जमीन सपाट दिसते हे रोजचं होतं. काहींनी दोन्ही सांभाळलं: पृथ्वी पोकळ चेंडू, आणि आपण त्याच्या आत सपाट तळावर. काहींच्या हिशेबी पृथ्व्याच दोन, एक पायाखालची आणि एक आकाशातली. नंतर हैदराबादच्या मुलांवर असाच अभ्यास झाला, तेव्हा काहींची पृथ्वी पाण्यावर तरंगताना सापडली. ती कल्पना कुठून आली असेल हे आपल्याला वेगळं सांगायला नको. या अभ्यासांवर पुढे टीकाही झाली की प्रश्न विचारण्याच्या पद्धतीनेच मुलं गोंधळतात. टीकेत तथ्य आहे, पण पोकळ चेंडू सुचायलाही डोकं लागतंच.

इथे टोळीत मतभेद आहेत. ग्लासर्सफेल्डचं म्हणणं असं की प्रत्येक जण आपलं ज्ञान आपणच रचतो आणि ते खऱ्या जगाशी तंतोतंत जुळतं की नाही हे तपासायची सोय कुणाकडेच नाही. अनुभवाला पुरं पडलं की झालं. तत्त्वज्ञान म्हणून हे झकास, पण वर्गात बाईंनी करायचं काय? ड्रायव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९४मध्ये उत्तर दिलं. अणू, बल, क्षेत्र या कल्पना निसर्गात पडलेल्या नसतात, शास्त्रज्ञांच्या समाजाने त्या घडवल्या आहेत. एकट्या मुलाला हाताने प्रयोग करून त्या सापडायच्या नाहीत. त्या समाजाची बोली मुलाला कुणीतरी जाणत्याने शिकवावी लागते. मूल जाणत्यांच्या संगतीत शिकतं, हा रशियातल्या व्हिगोत्स्की या मानसशास्त्रज्ञाचा धागा त्यांनी इथे जोडून घेतला.

ज्यांनी हे वाचलं नाही त्यांनी ‘शिक्षकाने गप्प बसावं’ असा अर्थ लावला, आणि २००६मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी त्याचे वाभाडे काढले. नवख्याच्या कार्यकारी स्मृतीत, म्हणजे हातातल्या कामापुरतं लक्षात धरणाऱ्या स्मृतीत, एका वेळी फार थोडं मावतं. त्याला मोकळं सोडलं की ती शोधाशोधीतच संपते आणि शिकायला काही उरत नाही. सोडवून दाखवलेली उदाहरणं त्याला जास्त उपयोगी पडतात. हा घाव वर्गात मुलांना वाऱ्यावर सोडण्यावर बरोबर बसतो. मूळ सिद्धांताला तो लागत नाही, कारण व्याख्यान ऐकणारं मूलही आतल्या आत रचतच असतं.

सावलीचंच घ्या. महिनोन्‌महिने काठीच्या टोकावर खुणा केल्या तरी पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे हे मुलाला सुचणार नाही. ते बाईंनी सांगायचं. पण त्याआधी, उद्या सावली कुठवर येईल याचा अंदाज मुलांकडून पाटीवर लिहून घ्यायचा. वडोदऱ्यात एक अडचण आहे. ३ जूनला शाळांना सुट्टी असते आणि १० जुलैला आभाळ भरलेलं. त्यामुळे काम डिसेंबरातच सुरू करावं. २२ तारखेला मीटरभर काठीची सावली मीटरहून किंचित जास्तच भरते, आणि तोवर ‘डोक्यावर’ म्हणणाऱ्यांचे अंदाज पाटीवर आलेले असतात.