वॉर्डातून संसदेकडे: घडण की चाळणी?

सुमित्रा महाजन १९८२ मध्ये इंदूर महापालिकेत पार्षद, म्हणजे नगरसेवक, म्हणून निवडून आल्या, १९८४ मध्ये उपमहापौर झाल्या, १९८९ मध्ये लोकसभेत पोहोचल्या आणि सलग आठ वेळा निवडून येऊन २०१४ ते २०१९ या काळात लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. इंदूरच्या मराठी घरांत ताईंचा हा प्रवास पाठ आहे. वल्लभभाई पटेल अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि द्रौपदी मुर्मू १९९७ मध्ये रायरंगपूरच्या नगरपंचायतीत निवडून आल्या होत्या, हेही आपण अभिमानाने सांगतो. मात्र अशा उदाहरणांवरून पालिकेनेच नेते घडवले असे सिद्ध होत नाही, कारण मुळातच कर्तबगार असलेली माणसे कुठूनही वर आली असती आणि पालिकेने केवळ चाळणीचे काम केले असेल, ही शक्यता उरतेच.

पालिकेत शिकण्यासारखे असते तरी काय? इंदूरचे पाणी पाहा. ते सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूद येथून, नर्मदेतून उपसून आणि घाट चढवून शहरात येते. बहुतेक वस्त्यांना ते एक दिवसाआड मिळते. आपल्या वॉर्डाला अर्धा तास जास्त पाणी हवे असेल, तर त्याच टाकीवरच्या शेजारच्या वॉर्डाचा वेळ घटतो, आणि त्या वॉर्डाचा पार्षद सभागृहात समोरच बसलेला असतो. मर्यादित साधनांची वाटणी, विरोधकाशी तडजोड, अभियंत्याच्या अंदाजपत्रकातले आकडे समजून घेणे आणि नळ कोरडा राहिला की दारात आलेल्या लोकांना उत्तर देणे, हे सारे इथे एकाच आठवड्यात करावे लागते. संसदेत हेच प्रश्न मोठ्या आकड्यांत येतात, पण तक्रार करणारा इतका जवळ नसतो. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याकडे राजकीय शिक्षणाचे साधन म्हणून पाहिले, ते मला आजही योग्य वाटते.

घडण आणि चाळणी वेगळी करून पाहण्याची संधी आरक्षणाने दिली. १९९३ मध्ये लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरी संस्थांत महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या; मध्य प्रदेशात आता हे प्रमाण निम्मे आहे. राखीव वॉर्ड सोडतीने ठरत असतील, तर तिथले मतदार आणि उमेदवार मुळात वेगळे होते असे म्हणता येत नाही. मुंबईत १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेले वॉर्ड २००२ मध्ये खुले झाले, तेव्हा तिथे महिला निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या खुल्या वॉर्डांच्या तुलनेत, सुमारे पाचपट आढळली. जिल्हा पातळीवरील आरक्षणाच्या दुसऱ्या एका अभ्यासात, स्त्रियांनी जिथे अधिक काळ पदे सांभाळली होती, तिथून विधानसभा आणि लोकसभेसाठी महिला उमेदवार वाढल्याचे दिसले. संधी मिळाली नसती तर या स्त्रिया चाळणीपर्यंतही पोहोचल्या नसत्या.

तरीही पद आणि अनुभव एकाच माणसाकडे जातात असे गृहीत धरता येत नाही. आपल्याकडे ‘पार्षदपती’ सर्वांच्या परिचयाचे आहेत: निवडून आलेली असते पत्नी, पण झोन कार्यालयात फाइल घेऊन बसतो नवरा. तिथे पाण्याच्या वाटणीचे शिक्षण त्याला मिळते. म्हणून पुढच्या अभ्यासांनी किती स्त्रिया निवडून आल्या एवढेच न मोजता, बैठकीत बोलले कोण आणि अंदाजपत्रकावर प्रश्न विचारले कोणी, हे इतिवृत्तांतून तपासले पाहिजे.