खोबरेल चोळून सागवान टिकत नाही

‘सागवानी कपाटाला अधूनमधून खोबरेल चोळावं, लाकूड तेल पितं आणि टिकतं,’ हा सल्ला घरोघरी ऐकू येतो. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगली कपाटं खराब होतात.

कापलेल्या लाकडाला खुराक लागत नाही. पॉलिशचा थर शाबूत असेल तर तेल आत जातच नाही, वरच राहतं. शिवाय खोबरेल हे वाळणारं तेल नव्हे. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट थर धरतं. खोबरेल कधीच धरत नाही. दोन दिवस झकास चमक दिसते, मग धूळ चिकटते. मुठीभोवती आणि नक्षीच्या खाचांत बसतो तो काळा चिकट मळ बऱ्याचदा यातूनच येतो. पुढे अशा जागी नवं पॉलिशही नीट धरत नाही.

कपाट पुन्हा चमकवायचं असेल तर आधी जुनं पॉलिश कोणतं ते बघा. मागच्या बाजूला कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावा. थर चिकट झाला तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. ते पूर्ण खरवडायची गरज सहसा नसते. टर्पेंटाइनने तेलकट मळ पुसा, वाळू द्या, 320 नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा आणि चपड्याचे पातळ हात द्या. नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. मला हे पॉलिश सर्वांत आवडतं ते म्हणूनच.

जवसाचं तेल वापरलंत तर त्याच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका; त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक पसरून वाळवा.